तीन दिवसांची बाटली

"दीदी, वो तीन दिन वाली दे दो ना, बच्चे की खांसी नहीं जा रही." इंदूरच्या एका जुन्या मोहल्ल्यातल्या मेडिकलच्या काउंटरमागे मी अठ्ठावीस वर्षं उभी राहिले. हे वाक्य हिंदीत, मराठीत, माळवीत आणि तिन्हींच्या खिचडीत किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही. रामबागेकडून येणाऱ्या आजी म्हणायच्या, "अगं, मागच्या वेळी दिली होतीस ना, तीच दे, लागू पडली होती." तीन दिवसांची म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन. हे जिवाणूंवरचं प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक. पंधरा मिलीची छोटी बाटली, दिवसातून एकदा द्यायची, तीन दिवसांत संपते. आयांना ती आवडते, कारण पोराला आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा धरून पाजत बसावं लागत नाही. दुकानदाराला आवडते, कारण गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही. सर्दी-खोकल्याचा विषाणू चार-पाच दिवसांत तसाही उतरणीला लागलेला असतो, आणि श्रेय बाटलीच्या पदरात पडतं.

मला म्हणायचंय ते एवढंच: ही बाटली चिठ्ठीशिवाय मिळणं बंद झालं पाहिजे. आणि ते बंद करायचं, तर मुलाचा सदरा वर करून त्याचा श्वास मोजणारं माणूस प्रत्येक मोहल्ल्यात, संध्याकाळच्या वेळी, फुकट मिळालं पाहिजे. ही दोन्ही कामं बरोबर व्हायला हवीत. नुसती बाटली बंद केली, तर ज्या मुलाला तिची खरंच गरज आहे ते घरीच पडून राहील. नुसती माणसं बसवली आणि बाटली खुली ठेवली, तर त्या माणसाकडे कुणी जाणार नाही, कारण शेजारच्या दुकानात दोन मिनिटांत काम होतंय.

हे मी ज्या रात्रीमुळे म्हणते ती रात्र सांगते. जानेवारीचा पहिला आठवडा होता. नऊ वाजून गेले होते, शटर अर्धं खाली ओढलं होतं. आमच्या गल्लीतल्या एक काकू चार वर्षांच्या नातवाला शालीत गुंडाळून खांद्यावर घेऊन आल्या. "ताई, तीन दिवसांची आणखी एक दे. घरातली संपली."

"घरातली कुठली, काकू?"

तर डिसेंबरच्या मध्यात चौथीतल्या नातीला लांबलेला कोरडा खोकला होता. तिच्यासाठी नेलेल्या बाटलीत थोडं उरलं होतं, ते फ्रिजच्या दारात ठेवलेलं. खोकला आता धाकट्याला लागला. आधी एका क्लिनिकमधून सेफिक्झिम या दुसऱ्या प्रतिजैविकाचं सिरप आणलं, ते पाच दिवस दिलं, ताप हटला नाही. मग फ्रिजमधलं उरलेलं दोन दिवस अंदाजाने चमचा-चमचा पाजलं. उघडलेली बाटली इतके दिवस ठेवायची नसते, आणि मुलाच्या वजनाचा हिशेब तर कुणीच केला नव्हता. आता तेही संपलं होतं.

मुलगा खोकत नव्हता, आणि मला तेच खटकलं. आठ दिवस खोकणारं पोर अचानक गप्प झालं की बरं वाटतंय असं समजायचं नसतं. मी त्याला काउंटरवर बसवलं, शाल काढली, स्वेटर आणि बनियन वर केलं. छातीच्या खालच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जात होत्या, पोट बाहेर उडत होतं, नाकपुड्या फुलत होत्या. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बाराशी आल्यावर मोजायला सुरुवात केली. पूर्ण मिनिटाला बावन्न. एक ते पाच वर्षांच्या मुलाला चाळीस किंवा जास्त झाले की तो न्यूमोनियाचा इशारा मानतात. मी बाटली दिली नाही. मुलाच्या बापाला फोन लावला, रिक्षा थांबवली आणि त्यांना थेट मुलांच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे ऑक्सिजन लागला. एक्स-रेत दोन्ही बाजूंना ठिपके-ठिपके पसरलेले, छातीला नळी लावून जेवढं ऐकू येत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. घशातल्या स्रावाच्या तपासणीत मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू निघाला. वजनावर मोजून, ठरलेल्या दिवसांपुरतं औषध चालू झालं आणि मुलगा वाचला.

डिसेंबरमधली ती पहिली बाटली मीच दिली होती. चिठ्ठी मागितली नव्हती. मुलगी समोर नव्हती, तिला पाहिलंही नव्हतं. ती बाटली मी दिली नसती, तर धाकट्याच्या आजारात दोन दिवस फ्रिजमधल्या चमच्याच्या भरवशावर गेले नसते. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि म्हणूनच लिहिते आहे.

या जंतूविषयी थोडं सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्याच्या घडणीपाशी आहे. मायकोप्लाझ्मा न्यूमोनिई हा स्वतंत्रपणे जगणाऱ्या अगदी लहान जिवाणूंपैकी एक. बहुतेक जिवाणूंभोवती एक टणक भिंत असते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम ही सगळी एका कुळातली औषधं ती भिंत रचली जाऊ देत नाहीत, म्हणून जिवाणू फुटतो. मायकोप्लाझ्माला ही भिंतच नाही. त्याच्याभोवती फक्त पातळ पडदा आहे. म्हणून सेफिक्झिम पाच दिवस काय, पंचवीस दिवस दिलं तरी त्याचा केस वाकडा होत नाही. क्लिनिकमधल्या त्या सिरपने काम केलं नाही याचं कारण सिरप खराब होतं असं नव्हे. मारायला तिथे भिंतच नव्हती.

डॉक्टरांनाही हा जंतू ओळखायला वेळ लागला. १९३८ मध्ये अमेरिकेत हॉबर्ट रायमन यांनी नेहमीच्या न्यूमोनियासारखा न दिसणारा एक आजार नोंदवला, आणि 'अटिपिकल', म्हणजे नेहमीच्या साच्यात न बसणारा, हे नाव तिथून रुळलं. १९४४ मध्ये मनरो ईटन यांनी त्याचं कारण वेगळं काढलं, पण ते इतकं बारीक होतं की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जायचं. त्यामुळे कित्येक वर्षं तो विषाणूच समजला गेला. १९६२ मध्ये चॅनॉक, हेफ्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, तेव्हा कळलं की हा जिवाणू आहे आणि त्याच्यावर औषध आहे. ते औषध अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या घराण्यातलं. ते भिंतीच्या वाटेला जात नाही, जिवाणूच्या आतला प्रथिनं बनवणारा कारखाना बंद पाडतं.

आमच्या आज्या लहान मुलांच्या छातीच्या आजाराला 'डबा' म्हणायच्या, इथले हिंदीभाषक 'पसली चलना' म्हणतात. हिंदी शब्द तर फार नेमका आहे, कारण बरगड्या हलतात हे त्याच्या पोटातच आहे. म्हणजे आपल्या बायकांना लक्षण दिसत होतं. उपाय मात्र अघोरी होते. पोटावर डाम द्यायची प्रथा याच राज्यात अजून जिवंत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहडोल जिल्ह्यात न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या मुलीला तापलेल्या सळईचे चटके दिले गेले आणि ती दगावली. ती बातमी वाचून शहरातल्या लोकांनी हळहळ व्यक्त केली, मीही केली. पण छाती न बघता बाटली पाजणं आणि छाती न ऐकता डाम देणं, दोन्हीकडे मुलाच्या श्वासाकडे कुणी पाहिलेलं नसतं.

हा आजार शाळकरी मुलांचा आणि तरुणांचा, लहानग्यांना तो फारसा होत नाही, असं आम्ही डिप्लोमाला शिकलो होतो. पाच ते पंधरा वय हे त्याचं नेहमीचं घर खरं. पण २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एक आकडा दिला तो मला बोलका वाटला. न्यूमोनियामुळे तातडीच्या विभागात आलेल्या दोन ते चार वर्षांच्या मुलांमध्ये मायकोप्लाझ्माचं निदान झालेल्यांचं प्रमाण मार्चअखेरीस १ टक्का होतं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते ७.२ टक्क्यांवर गेलं. पाच ते सतरा वयोगटात ते ३.६ वरून ७.४ टक्के झालं. म्हणजे नर्सरीतली पोरं दादा-ताईंच्या बरोबरीला आली. कोविडच्या काळात हा जंतू जगभर जवळजवळ दिसेनासा झाला होता, त्यामुळे तीन-चार वर्षांच्या एका अख्ख्या पिढीला त्याची ओळखच नव्हती. तसाही तो दर काही वर्षांनी लाटेने येतो. शिरकाव झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार आठवडे लागतात. म्हणून घरात तो एकदम फैलावत नाही, हळूहळू एकेकाला गाठतो. आधी शाळेत जाणारी ताई, तीन आठवड्यांनी धाकटा, मग आई. त्या रात्रीच्या काकूंच्या घरात हाच क्रम होता. मी दोन प्रश्न विचारले असते तर त्याची सुरुवात मला डिसेंबरातच दिसली असती.

२०२३ च्या नोव्हेंबरात उत्तर चीनमध्ये मुलांची रुग्णालयं भरली, जागतिक आरोग्य संघटनेने २२ नोव्हेंबरला चीनकडे माहिती मागितली, आणि आपल्याकडे आठवडाभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. दुकानात लोक मास्क मागायला लागले. डिसेंबरात दिल्लीच्या एम्समध्ये सात नमुन्यांत मायकोप्लाझ्मा सापडल्याची बातमी आली. लगेच केंद्राने खुलासा केला की त्या सातांचा चीनशी संबंध नाही, आणि आयसीएमआरच्या पाहणीत एम्समध्ये जानेवारीपासून तपासलेल्या ६११ नमुन्यांत एकही सापडलेला नाही. बातमी थंड झाली. माझा आक्षेप असा की चर्चा फक्त 'चीनवाला आहे की नाही' एवढ्यावर झाली. हा जंतू चीनचा नाही. तो ग्वाल्हेरचा, उज्जैनचा, आमच्या गल्लीतलाही आहे, आणि कित्येक वर्षं आहे. विचारायला हवं होतं ते हे, की इंदूरच्या मुलांच्या छातीत तो या थंडीत किती आहे आणि औषधाला दाद देतो का. त्यासाठी सर्दीच्या मोसमात दर आठवड्याला थोडे नमुने नेमाने तपासावे लागतात. कोविडमुळे आरटी-पीसीआरची यंत्रं एमजीएम मेडिकल कॉलेजात आली, ती चालवणारे हात तयार झाले. चाचा नेहरू बाल चिकित्सालय त्याच कॉलेजशी जोडलेलं. नमुना एका इमारतीतून दुसरीत नेण्याइतकंच काम आहे. खासगीत हीच तपासणी काही हजार रुपयांना पडते, आणि स्वस्तात जी रक्ततपासणी होते ती आजाराच्या पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा काहीच दाखवत नाही, नंतर मात्र जुनाच संसर्ग महिनोन्महिने दाखवत राहते. रोजंदारीवरच्या बापाने कशावर पैसे घालायचे?

आता माझ्याच जुन्या गिऱ्हाइकांचा प्रश्न. एक शिक्षिका होत्या, त्यांनी मला तोंडावर विचारलं होतं: "या जंतूला अमॉक्सिसिलिन चालत नाही, अ‍ॅझिथ्रो चालतं, मग सगळ्याच खोकणाऱ्या मुलांना अ‍ॅझिथ्रो दिलं तर बिघडलं कुठे? सापडला तर मरेल, नाही तर नाही." तर्क बिनतोड वाटतो. मला स्वतःला त्याचं उत्तर शोधायला वेळ लागला.

पहिलं म्हणजे लहान मुलांचे बहुतेक खोकले विषाणूंचे असतात, आणि त्यांच्यावर यातलं कुठलंच औषध चालत नाही. दुसरं, पाच वर्षांखालच्या मुलाला खरोखर न्यूमोनिया झाला असेल, तर जीव घेणारा नेहमीचा शत्रू न्यूमोकोकस हा वेगळाच जिवाणू आहे, आणि त्याच्यावर पहिलं औषध आजही साधं अमॉक्सिसिलिनच. सगळ्यांना अ‍ॅझिथ्रो देत सुटलं तर तिथेच चूक होईल. न्यूमोकोकसविरुद्धची लस मध्य प्रदेशात २०१८ पासून सरकारी लसीकरणात आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा. ती चुकवू नये हे वेगळं सांगायला नको. मायकोप्लाझ्माची लस नाही. तिसरं, मायकोप्लाझ्मा झालेली पुष्कळ मुलं खोकत-खोकत, हिंडत-फिरत आपसूक बरी होतात. औषध हवं असतं ते ज्यांचा श्वास चढतो, ताप हटत नाही, त्यांना.

आणि चौथं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन शरीरातून फार सावकाश जातं. अर्धं व्हायला सुमारे ६८ तास लागतात. तीन दिवस दिलेलं औषध पुढे कितीतरी दिवस घशात, फुप्फुसांत थोडं-थोडं रेंगाळतं. आयांना जी सोय वाटते, तीच जंतूला शिकवणी ठरते. जंतूला मारायला अपुरं आणि त्याला सवय व्हायला पुरेसं, एवढंच औषध तिथे उरलेलं असतं. मायकोप्लाझ्माच्या जनुकात एक अक्षर बदललं की या घराण्यातली सगळी औषधं एकदम बोथट होतात. चीनमध्ये आज बहुसंख्य मायकोप्लाझ्मा असे आहेत, जपाननेही तो काळ पाहिला. मोठ्या माणसाला मग डॉक्सिसायक्लिन देता येतं, लिव्होफ्लॉक्सासिन देता येतं. पण आठ वर्षांखालच्या मुलाला डॉक्सिसायक्लिन द्यायचं तर दातांच्या काळजीने आपल्याकडचे डॉक्टर अजून कचरतात, थोड्या दिवसांसाठी ते चालतं असं आता मान्य झालं असलं तरी. आणि दुसऱ्याबाबतीत हाडा-सांध्यांचा विचार करावा लागतो. म्हणजे लहान मुलाच्या या आजारात सहज, निर्धास्त देता येण्याजोगं तोंडाने घ्यायचं औषध हे एकच घराणं आहे. ते आपण सर्दीवर उधळतो आहोत. भारताच्या खासगी औषधबाजारात २०१९ मध्ये सर्वांत जास्त खपलेलं प्रतिजैविक कोणतं, तर अ‍ॅझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी, एकूण खपाच्या ७.६ टक्के. हा लॅन्सेटच्या दक्षिण-पूर्व आशियासाठीच्या नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या पाहणीतला आकडा. जागतिक आरोग्य संघटना या औषधाला जपून वापरायच्या गटात धरते, अमॉक्सिसिलिनला सर्रास वापराच्या. आमच्या काउंटरवर व्यवहार नेमका उलटा होता.

कायदा नाही असं नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन शेड्यूल एचमध्ये आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. २०१६ पासून पाकिटावरच्या लाल रेघेची, म्हणजे हे चिठ्ठीशिवाय घेऊ नका या खुणेची, मोहीम झाली. २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच-१ लागू आहे, त्यातलं औषध विकलं की डॉक्टरचं, रुग्णाचं नाव, किती दिलं ते वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. त्या ४६ औषधांच्या यादीत सेफिक्झिम आलं, अ‍ॅझिथ्रोमायसिन आलं नाही. हा फरक दुकानात रोज जाणवतो. वही लिहायची म्हटलं की हात थबकतो. जिथे वही नाही तिथे थबकायला कारण नाही. म्हणून माझी पहिली मागणी आहे की मुलांच्या अ‍ॅझिथ्रोमायसिनला वही लागू करावी आणि ती वही बघायला माणूस यावा. मध्य प्रदेशाने तर जुलै २०१९ मध्येच प्रतिजैविकांच्या प्रतिरोधाविरुद्ध, म्हणजे जंतू औषधाला जुमानेनासे होण्याविरुद्ध, राज्याचा कृती आराखडा जाहीर केला होता, केरळनंतर देशात दुसराच. केरळने पुढे २०२४ मध्ये ऑपरेशन अमृत नावाने चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकं विकणाऱ्या दुकानांवर धाडी घातल्या, लोकांनी तक्रार करावी म्हणून सोय केली. आपण आराखड्यात दुसरे होतो, तर अंमलात निदान तिसरे का असू नये?

एकट्या दुकानदाराने चांगलं वागून हे होणार नाही, हे मी अनुभवाने सांगते. त्या रात्रीनंतर मी चिठ्ठीशिवाय ही बाटली देणं बंद केलं. पहिल्या आठवड्यात एका आईने माझ्यासमोर मुलाला उचललं, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या दुकानातून तीच बाटली घेऊन माझ्याकडे बघत गेली. तिच्या मुलाचे श्वास मी मोजले होते, अठ्ठावीस. त्याला फक्त सर्दी होती. मालक मला म्हणाले, "आपण नाही दिली तर दुसरा देतो, मग नुकसान कुणाचं?" त्यांच्याजवळ पगाराचा आणि भाड्याचा हिशेब होता, माझ्याजवळ फक्त ती जानेवारीची रात्र. सगळ्यांवर एकाच दिवशी बंधन आलं तरच एकेकाला चांगलं वागता येतं.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप मला ठाऊक आहे, कारण त्या आक्षेपातली माणसं रोज माझ्यासमोर उभी असत. गरिबाचा डॉक्टर म्हणजे मेडिकलवाला. चारशे रुपये फी आणि दोन तासांची रांग त्याला परवडत नाही. एमवायला, म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयात, जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. त्याच्याकडून ही बाटली काढून घेणं म्हणजे त्याच्या मुलाला वाऱ्यावर सोडणं. हा आक्षेप खरा आहे, आणि ज्याला तो झोंबत नाही त्याने या विषयावर बोलू नये. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत मध्य प्रदेशचा अर्भक मृत्युदर हजारी ४३ होता, देशात सर्वांत जास्त. अशा राज्यात औषध अडवायचं आणि डॉक्टर द्यायचा नाही, ही क्रूरता होईल. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की दोन्ही बरोबर. संजीवनी क्लिनिकं, म्हणजे मोहल्ल्यातले सरकारी दवाखाने, शहरात आहेत. ती कामावरून परतलेल्या आईला रात्री नऊपर्यंत उघडी मिळावीत, निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तिथे मुलाच्या बोटाला बसेल असा ऑक्सिमीटर असावा. कोविडमध्ये घरोघरी आलेले मोठ्यांचे चिमटे चार वर्षांच्या बोटावर नीट बसत नाहीत आणि भलताच आकडा दाखवतात, त्यावर विसंबून बसलेली घरं मी पाहिली आहेत.

आणि श्वास मोजायला तर काहीच लागत नाही. सरकारची साँस मोहीम २०१९ च्या नोव्हेंबरपासून नेमकी यासाठीच आहे. आशा ताईंनी मोजायचं, धोका दिसला तर अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन पुढे पाठवायचं. मोहीम चांगली आहे, पण ती खेड्याकडे तोंड करून उभी आहे. शहरातल्या मध्यमवर्गीय मराठी घरात आशा ताई येत नाही आणि मोजायचं कसं हे नर्सरीच्या फीसाठी पन्नास हजार भरणाऱ्या आईलाही ठाऊक नसतं. मूल रडत असताना, दूध पिताना, नुकतंच खेळून आलेलं असताना मोजू नये. झोपलेलं असेल तर उत्तम. छाती-पोट उघडं करावं, उजेडात. पोट एकदा वर-खाली झालं म्हणजे एक. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, लहान मुलांचा श्वास अधूनमधून थबकतो, हिशेब चुकतो. पूर्ण एक मिनिट, मोबाइल बाजूला ठेवून. दोन महिन्यांखाली साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षं चाळीस किंवा जास्त, म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर वाटत असतील, मूल पाणीही घेत नसेल, तर आकडा कितीही असो, त्याच क्षणी रुग्णालय. महिना-तीन महिन्यांच्या बाळाला ताप नसताना तुटक-तुटक खोकला आणि डोळे आलेले असतील तर तो आईकडून आलेला क्लॅमायडिया नावाच्या जंतूचा संसर्ग असू शकतो, तेही डॉक्टरांनीच बघायचं.

आणि औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघायचं, हे आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित काम. अमॉक्सिसिलिनवर ४८ ते ७२ तासांत ताप उतरला नाही, तर भिंत नसलेल्या या जंतूचा संशय घ्यायचा. अ‍ॅझिथ्रोवरही उतरला नाही तर प्रतिरोधाचा. दर वेळी नव्या डॉक्टरकडे नवी बाटली घेत फिरलं, तर हा धागा कुणाच्याच हातात राहत नाही. काकूंच्या नातवाने आठ दिवसांत दोन औषधं घेतली, आणि दोन्ही घेताना त्याला पुन्हा कुणी पाहिलं नव्हतं.

चिठ्ठी म्हणजे सगळं नव्हे, हेही मान्य. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच राज्यात छिंदवाड्याच्या परासिया भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त मुलं गेली, त्यात डायएथिलीन ग्लायकोल निघालं. तिथे चिठ्ठ्या होत्या. मग केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाचच्या आतही सहसा नाहीत. कारखान्यावर कारवाई झाली, ती व्हायलाच हवी होती. पण साध्या खोकल्याला बाटली हवीच, ही आपली समजूत कुठल्या कारखान्यात बनत नाही. ती आमच्या काउंटरवर बनते, फ्रिजच्या दारात मुरते. इंदूरच्या बायकांनी ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय काही महिन्यांत लावून घेतली, गाडीत वेगळ्या पेटीत घातक कचरा टाकायलाही शिकल्या. उरलेलं औषध त्याच पेटीत जायला काय हरकत आहे?

काकूंचा नातू पाचव्या दिवशी घरी आला. रुग्णालयातल्या सिस्टरने त्यांना मोजायला शिकवलं होतं. पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा स्वयंपाकघरात भिंतीवर जानेवारीचं पान होतं. दुधाच्या हिशेबाच्या खाली, प्रत्येक तारखेच्या चौकटीत त्यांनी पेन्सिलीने रात्री झोपल्यावरचा आकडा लिहिला होता. ३८, ३६, ३६, ३२, २८. एका चौकटीत काहीच नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, त्या रात्री संक्रांत होती, पाहुणे होते, पोर उशिरापर्यंत गच्चीवर पतंगांपाशी होतं, झोपलंच नाही.